घरी बनवलेल्या सीएनसी राउटरवर खरंच लाकूडकाम होतं का? पैसे कशात घालावेत आणि पुढे काय बदलावं?

तुम्ही विचारलंय की साधारण ६०० बाय ९०० मि.मी. कामाची जागा असलेला सीएनसी राउटर (संगणकाच्या सूचनेनुसार कटर चालवून लाकूड कापणारं मशीन) घरी बांधला तर त्यावर प्लायवुड आणि सागासारखं लाकूड नीट कापता येईल का, ते सरकवायला बेल्ट घ्यावा की स्क्रू, मोटारी केवढ्या घ्याव्यात, आणि नंतर काय-काय अपग्रेड करावं लागेल. मी असं मशीन बांधलंय, वापरतोय आणि त्याचे बरेचसे भाग आतापर्यंत बदलूनही झालेत, त्यामुळे अनुभवावरून सांगतो.

होतं, आणि उत्तम होतं. पण मोटारींच्या प्रश्नाने सुरुवात करू नका. मोटार, ड्रायव्हर (मोटारीला वीज पुरवणारा भाग), कंट्रोलर (सूचना देणारा बोर्ड), स्पिंडल (कटर फिरवणारी मोटार) हे सगळं एखाद्या रविवारी दुपारी बदलता येतं. सांगाडा मात्र बदलायचा म्हणजे मशीन नव्याने बांधणंच आलं. म्हणून पहिला पैसा आणि पहिला विचार सांगाड्यावर.

कटर लाकडात शिरला की तो गॅन्ट्रीला (स्पिंडल धरणाऱ्या आडव्या पुलाला) बाजूला ढकलतो. गॅन्ट्री किती वाकेल हे तिच्या लांबीच्या घनावर ठरतं. ६०० मि.मी.ची गॅन्ट्री १२०० केली, बाकी काही बदललं नाही, तर ती आठपट वाकते. ‘जरा मोठंच बांधू, कधीतरी अख्खी शीट बसेल’ या मोहाची खरी किंमत ही. तुमचं ६०० बाय ९०० हे माप समंजस आहे, फक्त गॅन्ट्री ६०० च्या बाजूने आडवी ठेवा आणि ९०० च्या दिशेने सरकू द्या.

बाजूला वाकण्याइतकाच गॅन्ट्रीला पडणारा पीळ त्रास देतो, कारण स्पिंडल तिच्या पुढे आणि खाली लोंबत असतो. उघड्या सी-चॅनेलपेक्षा बंद चौकोनी नळी या पिळाला कितीतरी पटीने चांगली पुरते. त्याच मापाची स्टीलची नळी अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सुमारे तिप्पट ताठ असते. जड असते, पण लाकूडकामात तेवढं वजन खपून जातं. झेडची (वर-खाली सरकणाऱ्या अक्षाची) उंचीही उगाच वाढवू नका. शीटचं काम करायचं असेल तर गॅन्ट्रीखाली ७०-८० मि.मी. मोकळी जागा पुष्कळ झाली. दीडशे मि.मी. ठेवलीत तर स्पिंडलची लोंबकळती लांबी वाढते आणि त्याचे ओरखडे प्रत्येक कडेवर दिसतात.

पहिलं मशीन प्लायवुड किंवा एमडीएफचं करावं का? शिकण्यासाठी जरूर करा. त्याच मशीनवर पुढच्या मशीनचे काही भाग कापता येतात, हा मोठा फायदा. फक्त एमडीएफ दमट हवेत फुगतं आणि बोल्ट हळूहळू ढिले होत जातात, हे धरून चला.

रेल्सबद्दल थोडक्यात: दोन्ही टोकांना धरलेले, मधे आधार नसलेले गोल गज एवढ्या लांबीला नकोत. खालून आधार असलेले गोल रेल चालतात, चौकोनी प्रोफाइल रेल सर्वांत चांगले. पण प्रोफाइल रेलला सपाट बैठक लागते आणि बाजारातली नळी सपाट नसते. पातळ पत्र्याच्या पट्ट्या घालून किंवा इपॉक्सीची बैठक ओतून ती सपाट करावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही.

आता बेल्ट की स्क्रू. बेल्ट वेगवान आणि हलका, पण जोर आला की ताणला जातो. मऊ लाकूड, अक्षरं, नक्षी यांना पुरतो. सागात खोल खाच घेताना मात्र जाणवतो. ८ मि.मी. जाडीचा लीडस्क्रू झेडला ठीक, पण ९०० मि.मी. लांबीत वेगाने फिरवला की दोरीउडीच्या दोरीसारखा उसळतो. तुमच्या मापाला माझी पसंती १६१० बॉलस्क्रूला, म्हणजे १६ मि.मी. व्यास आणि एका फेऱ्यात १० मि.मी. सरक.

१६०५ (एका फेऱ्यात ५ मि.मी. सरक) का नाही, हे गणिताने बघा. स्टेपर मोटार एका फेऱ्यात २०० स्टेप घेते, ड्रायव्हर १/८ मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे आठ भाग) ठेवला तर १६००. म्हणजे १६१० ला दर मि.मी.ला १६० स्टेप, १६०५ ला ३२०. मशीन मिनिटाला ५००० मि.मी. पळवायचं तर १६१० ला सेकंदाला सुमारे १३,३०० स्टेप लागतात आणि १६०५ ला जवळपास २६,७००. अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालणाऱ्या जीआरबीएल या कंट्रोल सॉफ्टवेअरची धाव सेकंदाला ३०,००० च्या आसपास संपते. शिवाय १६०५ ला मोटार १००० आरपीएमवर पळवावी लागते आणि तिथे स्टेपरचा जोर बराच उतरलेला असतो. १६१० ला तेच काम ५०० आरपीएमवर होतं.

मोटारी नेमा २३ (हे मोटारीचं माप) घ्या. सोबत बोर्डावर खोचायचे चिमुकले ड्रायव्हर नकोत, डीएम५४२ जातीचे वेगळे ड्रायव्हर आणि ३६ ते ४८ व्होल्टचा सप्लाय घ्या. वेग वाढला की स्टेपरच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह भरायला वेळ कमी मिळतो. व्होल्टेज जास्त असेल तर तो लवकर भरतो, म्हणून जोर टिकतो. सप्लाय चालू असताना मोटारीची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर जळतो.

स्पिंडलसाठी सुरुवातीला हातातला ट्रिम राउटर पुरे. तो कर्कश ओरडतो आणि त्याचे कार्बन ब्रश झिजतात, एवढंच. पुढे व्हीएफडीवर (मोटारीचा वेग बदलणाऱ्या वीज-नियंत्रकावर) चालणारा १.५ किंवा २.२ किलोवॉटचा स्पिंडल घेतलात तर तो बहुधा ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम फिरणारा असतो. व्हीएफडीचे पॅरामीटर त्याप्रमाणे भरल्याशिवाय बटण दाबू नका. ५० हर्ट्झच्या मोटारीसाठी असलेली मूळ सेटिंग तशीच राहिली तर स्पिंडल जळू शकतो.

बांधून झालं की बहुतेकजण कापण्यात अडखळतात. नवखा माणूस घाबरून मशीन सावकाश चालवतो, आणि लाकूड काळं पडतं. कारण साधं आहे: फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) म्हणजे आरपीएम गुणिले कटरच्या धारा गुणिले प्रत्येक धारेने काढायचा छिलका. १८,००० आरपीएम, दोन धारा, ०.०५ मि.मी. छिलका धरला तर मिनिटाला १८०० मि.मी. होतात. तुम्ही ४०० ने चाललात तर धार कापत नाही, नुसती घासते, तापते आणि बोथट होते. मशीन कुरकुरत असेल तर फीड कमी करण्याआधी एका फेरीची खोली कमी करा, किंवा आरपीएम उतरवा. सुरुवातीला खोली कटरच्या व्यासाच्या निम्मी ठेवा आणि तिथून वाढवत जा. खाली पडतोय तो छिलका आहे की पीठ, हे बघायची सवय लावा. पीठ पडत असेल तर काहीतरी चुकतंय (एमडीएफचा अपवाद, त्याचं पीठच होतं).

कटरचा पीळही बघून घ्या. अपकट भुसा वर फेकतो, पण वरचा पापुद्रा उचकटतो आणि शीटही उचलू पाहतो. डाउनकट वरची कड स्वच्छ ठेवतो, पण खोल खाचेत भुसा कोंबून ठेवतो आणि तो तापतो. दोन्ही बाजू दिसणारं प्लायवुड असेल तर कॉम्प्रेशन बिट (खाली अपकट, वर डाउनकट). आणि ६ मि.मी.चा कटर आतला कोपरा कधीच काटकोनात काढणार नाही, ३ मि.मी. त्रिज्येची गोलाई राहणारच. एकमेकांत अडकणारे सांधे करायचे तर ड्रॉइंगमध्येच कोपऱ्यात जास्तीचा गोल कापा, नाहीतर पटाशी हाताशी ठेवा.

अपग्रेडबद्दल माझं मत जरा कडक आहे. दुसऱ्याच्या मशीनवर काय लावलंय ते बघून खरेदी करू नका, आपल्या मशीनने कापलेलं लाकूड बघून करा. जाड एमडीएफच्या तुकड्यात १०० मि.मी. व्यासाचं वर्तुळ आणि ३०० मि.मी.चा चौरस कापा. वर्तुळात जिथे अक्ष दिशा बदलतो त्या चार ठिकाणी सपाट चट्टा किंवा पायरी दिसली तर नट किंवा कपलिंगमध्ये ढिलाई आहे. मूळ जीआरबीएलमध्ये ती भरून काढायची सोय नाही, यंत्रातूनच काढावी लागते. चौरसाचे दोन कर्ण वेगळे आले तर गॅन्ट्री काटकोनात नाही. मापं सगळीकडे एकाच प्रमाणात चुकत असतील तर स्टेप प्रति मि.मी.ची सेटिंग, म्हणजे जीआरबीएलमधली क्रमांक १०० ते १०२, दुरुस्त करा. आकार ठीक चाललेला असताना मधूनच सगळं बाजूला सरकलं, तर स्टेप सुटल्यात. आधी अ‍ॅक्सिलरेशन कमी करून बघा, मोठी मोटार मागवण्याची घाई नको.

मोठा पृष्ठभाग सपाट करताना पट्ट्यापट्ट्यांच्या पायऱ्या हाताला लागल्या तर स्पिंडल तिरका आहे. कोलेटमध्ये (कटर धरणाऱ्या पकडीत) एक आडवा हात बसवून त्याच्या टोकाला डायल इंडिकेटर लावा, हाताने फिरवा आणि चारही बाजूंना काटा सारखा येईपर्यंत माउंटखाली पातळ पट्ट्या घाला. हे झाल्यावरच स्पॉइलबोर्ड (कामाखालची टाकाऊ फळी) मशीनने सपाट करा, आधी नाही.

मशीन मधेच थांबत असेल, लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाचा स्विच) दाबला नसतानाही अलार्म येत असेल, तर तो बहुतेक वेळा स्पिंडलच्या वायरमधून येणारा विद्युत गोंगाट असतो. शील्ड असलेली वायर वापरा, तिचं शील्ड अर्थ करा, स्पिंडलच्या आणि सिग्नलच्या वायरी लांब ठेवा, आणि स्विच ‘नॉर्मली क्लोज्ड’ (न दाबता सर्किट जोडलेलं राहील असा) जोडा. म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबतं.

कंट्रोलर बदलण्याचं एक रास्त कारण आहे. वायच्या (गॅन्ट्री सरकते त्या अक्षाच्या) दोन्ही बाजूंना वेगळी मोटार असेल आणि होमिंगच्या (मशीन आपली शून्य जागा शोधतं त्या) वेळी गॅन्ट्री आपोआप काटकोनात यावी असं वाटत असेल, तर उनोवरचं जीआरबीएल मूळ सेटिंगमध्ये ते करत नाही. ग्रबलहॅल किंवा फ्लुइडएनसी ही दुसरी कंट्रोल सॉफ्टवेअरं करतात. तोपर्यंत दोन्ही बाजूंना पक्के ठोकळे लावून, मशीन सुरू करण्याआधी गॅन्ट्री त्यांना टेकवून घेतली तरी भागतं.

पण या सगळ्याच्या आधी धुळीची सोय करा. लाकडाच्या भुकटीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय, आणि एमडीएफची भुकटी तर फारच बारीक असते. कटरभोवती ब्रशचा घेर, मधे सायक्लोन (भुसा वेगळा काढणारा डबा) आणि मागे व्हॅक्युम, तोंडावर चांगला मास्क. आणीबाणीचं बटण असं जोडा की ते कंट्रोलरला विनंती करत बसणार नाही, स्पिंडलची आणि मोटारींची वीज थेट तोडेल. मशीन चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नका. तुकडा सुटून कटर एकाच जागी फिरत राहिला तर भुशात ठिणगी पडायला वेळ लागत नाही, आणि ती सायक्लोनपर्यंत ओढली जाते.