सायटेशन कशाला म्हणायचं आणि व्हायरस कशाला

वनस्पतींच्या विषाणूंवर काम करतो म्हटल्यावर मला दोन तऱ्हेची पत्रं येतात. विद्यार्थी सायटेशनचं (म्हणजे आपल्या पेपरचा दुसऱ्याच्या पेपरमध्ये झालेला उल्लेख) विचारतात, शेतकरी औषधाचं. तेच ते प्रश्न पुन्हा आलेत, म्हणून इथे एकदाच उत्तरं देतो.

एच-इंडेक्स म्हणजे नेमकं काय? (एमएस्सीची विद्यार्थिनी, सोलापूर)

तुमच्या १० पेपरना प्रत्येकी किमान १० सायटेशन असतील तर तुमचा एच-इंडेक्स १०. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप सुचवलं.

ज्याला सायटेशन जास्त तोच मोठा विषाणुशास्त्रज्ञ, असं धरायचं का? (पीएचडीचा विद्यार्थी, बार्शी)

नका धरू. क्लार्क आणि अ‍ॅडम्स यांचा १९७७ चा पेपर आमच्याकडे अजून उद्धृत होतो, कारण पानातला विषाणू एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीने कसा ओळखायचा ते त्यात आहे. त्या चाचणीची प्लेट लावणारा जो तो त्यांचं नाव देतो. ती पावती पद्धतीच्या उपयोगाची. आता उलटं बघा. १९३५ मध्ये स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या मोझॅक विषाणूचे स्फटिक मिळवले आणि तो निव्वळ प्रथिन आहे असं मांडलं. पुढच्याच वर्षी बॉडेन आणि पिरी यांनी त्यात आरएनएही (आनुवंशिक माहिती वाहणारा रेणू) असल्याचं दाखवलं. चूक काढायची तरी आधी स्टॅन्लींचं नाव घ्यावंच लागतं, आणि मोजणाऱ्याच्या वहीत तेही सायटेशनच. माझा स्वतःचा सर्वांत उद्धृत झालेला पेपर दोन पानांचा आहे. अमुक विषाणू अमुक पिकावर सापडला एवढीच नोंद. ज्या पेपरसाठी तीन उन्हाळे मंगळवेढ्याच्या रानात पानं उलटी करकरून विषाणू पसरवणाऱ्या पांढऱ्या माश्या मोजल्या, त्याला कुणी विचारत नाही.

एका जर्नलचा मेल आलाय. सात दिवसांत छापतात, इम्पॅक्ट फॅक्टर सातच्या वर, फी आठ हजार. गाईड म्हणतात, टाकून मोकळी हो. (संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर)

टाकू नका. असे मेल मलाही येतात. एकात सुरुवातीला ‘थोर प्राध्यापक’, मग माझ्या पपईवरच्या पेपरचं तोंडभर कौतुक, आणि खाली हाडांच्या विकारांवरील विशेषांकासाठी लेखाची मागणी! सात दिवसांत तुमचा पेपर तपासणार कोण? चाचणीच्या जेलचा फोटो निरखून ‘निरोगी पानाचा कंट्रोल (तुलनेचा नमुना) कुठाय?’ असं विचारणारा परीक्षक घाईत मिळत नसतो. इम्पॅक्ट फॅक्टर हे जर्नलमधल्या पेपरना सरासरी किती सायटेशन मिळतात त्याचं माप, तुमच्या पेपरचं नव्हे. शिवाय ही मंडळी त्याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचा आकडा स्वतःच छापून घेतात. हल्ली तर सायटेशनही विकायला निघालीत. ‘तुम्ही माझे पाच घाला, मी तुमचे पाच घालतो’ हा सौदा मला चहाच्या टपरीवर ऐकवला गेलाय. आठ हजार गेले तर परत कमावता येतील. पण तिथे एकदा छापलेलं काम चांगल्या जर्नलला पुन्हा देता येत नाही, म्हणजे तुमची तीन वर्षं गेली. आणि वर्षभर मसुदा टेबलावर पडू देऊन शेवटच्या महिन्यात घाई करणाऱ्या गाईडना काय म्हणावं? प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) सक्ती २०२२ च्या नियमांत निघाली. तुमच्या विद्यापीठाची वेगळी अट आहे का, ते पीएचडी विभागात लेखी विचारा. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘यादीत आहे’ ही सबब नको. जर्नल ग्रंथपालांना दाखवा, मगच पुढे जा.

डाळिंबावरच्या तेल्या व्हायरसवर एवढे पेपर निघतात, मग औषध का निघत नाही? (बागायतदार, सांगोला)

तेल्या हा व्हायरसच नाही. तो झँथोमोनास या जिवाणूमुळे होतो, आणि माझा विषय नाही. सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात विचारा. दुकानदाराने ‘व्हायरस स्पेशल’ म्हणून बाटली दिली असेल तर पक्की पावती मागा आणि लेबलवरचे घटक वाचा. उभ्या पिकातला विषाणू मारणारी फवारणी कुठल्याही दुकानात मिळत नाही.

व्हायरस आलेला टोमॅटो खाल्ला तर? (गृहिणी, सोलापूर)

काही होत नाही. पिकाच्या विषाणूने माणूस आजारी पडत नाही. २०२० मध्ये हीच अफवा टोमॅटोवाल्यांना भोवली.

पपईची पानं आकसलीत, देठावर तेलकट रेघा, फळावर गोल कड्या. महिनाभर फवारतोय, फरक नाही. (शेतकरी, करमाळा)

लक्षणं रिंगस्पॉट या विषाणूरोगाची वाटतात, पण पत्रावरून मी निदान करत नाही. हा रोग मावा नावाचा बारीक किडा पसरवतो. त्याने पानाला नुसती सोंड लावली तरी विषाणू आत जातो, फवाऱ्याने मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. महिना वाया घालवलात. आता शेंड्याजवळचं, लक्षण दिसणारं कोवळं पान घ्या. धुऊ नका, ओल्या पिशवीत कोंबू नका. कोरड्या कागदात गुंडाळून वर तारीख आणि झाडाची ओळ लिहा आणि दुसऱ्या दिवशीच्या आत कृषी विज्ञान केंद्रात पोचवा. झाडं उपटायची की ठेवायची, ते त्यांना प्लॉट दाखवून ठरवा. शेजारी पपईची नवी रोपं आणून ठेवली असतील तर ती मात्र आजच हलवा.