मंडळीतल्या कुजबुजीनं मन घाबरलं असेल, तर विश्वासाचा आधार कसा घ्यावा?

जय ख्रिस्त ताई,

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याचं घर सोडून माहेरी आल्यापासून चर्चच्या मंडळीतल्या बायका तुमच्याबद्दल वाट्टेल ते बोलतात, रविवार जवळ आला की छातीत धडधडतं, आणि प्रभूवर विश्वास असूनही इतकं का लागतं हे कळत नाही. आधी त्या लागण्याबद्दलच सांगते. ते लागणारच. बायबलमधलं 55 वं स्तोत्र काढून वाचा. शत्रूनं निंदा केली असती तर सोसली असती, पण हा तर माझा जिवलग, आम्ही मिळून देवाच्या घरी जायचो, असा तिथला आक्रोश आहे. आपल्या माणसानं बोललेलं जास्त खोल जातं, हे शास्त्रानं प्रार्थनेतच लिहून ठेवलंय. तेव्हा विश्वास कमी पडला म्हणून स्वतःला बोल लावू नका.

माझ्यावर पैशाचा आळ आला होता. हंगामाच्या सणाला आमच्या चर्चमध्ये लिलाव असतो. लोक ज्वारी, भोपळे, कोंबड्या, घरचा केक आणतात आणि एकेका नारळावर हौसेनं बोली चढते. त्या वर्षी हिशोब माझ्याकडे होता आणि त्याच सुमारास आम्ही मुलीला हप्त्यावर स्कूटर घेतली. लोकांना तेवढं पुरलं. मी आत शिरले की बोलणं तुटायचं, कुणीतरी उगाच गीतांचं पुस्तक चाळायला लागायचं. मी मागच्या बाकावर बसायला लागले. शेवटचं गीत चालू असतानाच निघायचे, फाटकापाशी कुणी गाठायला नको म्हणून.

तेव्हा मला बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायानं धरून ठेवलं. इ. स. पू. 445 च्या सुमाराची गोष्ट. नहेम्या यरुशलेमचा पडलेला तट बांधतोय. या कामाचा विरोधक सनबल्लट त्याला चार वेळा ओनोच्या मैदानात भेटायला बोलावतो, हा जात नाही. पाचव्या वेळी सनबल्लट उघडं पत्र पाठवतो, मोहोर न लावलेलं, म्हणजे वाटेत कुणीही वाचावं. आत लिहिलेलं असतं की लोकांत बोललं जातंय, आणि गश्मूही (त्याचाच एक साथीदार) म्हणतो, तू बंड करून राजा व्हायला निघालायस. 'सगळेच म्हणतायत' आणि 'अमकीनं स्वतः सांगितलं', दोन्ही त्या पत्रात आहेत! नहेम्या एवढंच कळवतो की तू म्हणतोस तसं काही नाही, हे तुझ्या मनचं आहे. गश्मूकडे खुलासा करायला तो जात नाही. ही माणसं आपल्याला घाबरवतायत, आपले हात गळून काम थांबावं हा त्यांचा डाव आहे, हे तो ओळखतो आणि देवाला म्हणतो, माझे हात बळकट कर. तट 52 दिवसांत पुरा होतो.

त्याच अध्यायात पुढे शमाया नावाचा माणूस त्याला सांगतो की तुला मारायला येतायत, चल मंदिरात लपू. नहेम्या नकार देतो, कारण भिऊन तसं केलं तर नाव ठेवायला त्यांना खरं निमित्त मिळेल. हे वाचून मी थांबले. मी लवकर निघते यावरूनच लोक म्हणत होते, बघा, तोंड चुकवते. भीती अफवेला असं खाद्य पुरवते.

मग पाळकसाहेबांना सांगून कमिटीपुढे पावत्यांसकट हिशोब ठेवला. एकदाच. मत्तय 18 मध्ये प्रभूनं सांगितलंय तसं एका काकूंकडे दुपारी एकटी गेले. त्या म्हणाल्या, "मी नाही गं, मला दुसऱ्यांनी सांगितलं." मी म्हटलं, "काकू, पुन्हा कानावर आलं तर आधी मला विचारा." त्यांनी चहा टाकला, आम्ही दोघीही रडलो. सगळ्यांशी असं झालं नाही. काहींना अजून तेच खरं वाटतं, आणि त्याचा निवाडा मी देवावर सोडलाय. सोडलाय म्हणजे रोज सकाळी पुन्हा सोडते.

तुमचं प्रकरण माझ्यापेक्षा नाजूक आहे. पैशाच्या पावत्या दाखवता येतात, संसाराच्या नाही, आणि दाखवायचीही गरज नाही. "मी सध्या आईकडे असते, बरी आहे," एवढं वाक्य पुरे. आपल्याकडे एक वाईट खोड आहे, "फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणून दुसऱ्याचं घर उघडं करायचं. असं कुणी खोदून विचारलं तर विषय बदला. मन मोकळं करायला एकच माणूस निवडा, जिच्या तोंडून तुम्ही कधी तिसऱ्याचं ऐकलेलं नाही अशी.

ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंना तर अख्ख्या पुण्यानं धारेवर धरलं होतं. 1893 मध्ये शारदा सदनातल्या, म्हणजे त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शाळेतल्या, मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपली प्रार्थना लपवली नाही आणि कामही सोडलं नाही. पुढे दुष्काळात शेकडो मुलीबायकांना केडगावात आसरा मिळाला तो त्यांच्याचकडे.

गप्प राहणं म्हणजे सगळं सोसणं असं मात्र समजू नका. महायाजकापुढे शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा प्रभूनं विचारलं होतं, मी योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? सासरकडून घाणेरडे मेसेज किंवा फोटो फिरवले जात असतील तर ते जपून ठेवा आणि पोलिसांत तक्रार द्या. झोप उडाली असेल तर डॉक्टरांना भेटा.

क्षमा करा, पण ती एका दिवसात आटपायची घाई नको. आणि क्षमा केली म्हणून घरातल्या गोष्टी पुन्हा त्याच माणसांना सांगायला हव्यात असंही नाही. मी त्या बायकांबरोबर प्रभुभोजन घेते, माझ्या मुलीच्या स्थळांबद्दल त्यांच्याशी बोलत नाही.

या रविवारी आईला किंवा त्या मैत्रिणीला बरोबर घेऊन जा, नेहमीच्या जागी बसा. पाळकसाहेबांना आठवड्यातच भेटून थोडक्यात कल्पना द्या. तेच ऐकून घेत नसतील, तर काही दिवस दुसऱ्या मंडळीत उपासनेला गेलात तरी चालेल. मला मेसेज केलात तर तुमच्यासाठी रोज प्रार्थना करीन, आणि ते माझ्यापाशीच राहील.