एमएमओ गेम संपत चालले आहेत का?

तुम्ही विचारलंय की एमएमओ, म्हणजे हजारो माणसं एकाच वेळी एकाच जगात वावरतात ते ऑनलाइन गेम, यांची लोकप्रियता ओसरते आहे का, आणि आता नव्याने सुरुवात करण्यात काही अर्थ आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. पहिल्याचं जरा सविस्तर द्यावं लागेल, कारण माझ्या मते ओसरलं आहे ते वेगळंच काहीतरी.

आधी आकडे पाहू. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा या प्रकारातला सगळ्यात मोठा गेम. तो नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर पोचले. २०१५ च्या मध्यावर ते ५६ लाखांपर्यंत उतरले, आणि त्याच वर्षी कंपनीने वर्गणीदारांचा आकडा जाहीर करणंच थांबवलं. ‘एमएमओ मेले’ ही ओरड तेव्हापासून जोरात सुरू झाली. पण दहा वर्षं उलटून गेलेल्या गेमसाठी ५६ लाख माणसं दरमहा पैसे भरत होती, हेही त्याच आकड्यात आहे. मरणाऱ्या गोष्टीसाठी कोणी असं पदरचं मोडत नाही.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगते.

२००६ साली मी साताऱ्यात अकरावीला होते. घरी कॉम्प्युटर नव्हता. स्टँडजवळ एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये, आणि कोपऱ्यातलं मशीन रिकामं मिळावं म्हणून मी आणि माझा मामेभाऊ क्लासवरून अक्षरशः धावत जायचो. कॅफेवाले काका मशीनवर काहीही इन्स्टॉल करू देत नसत. त्यामुळे ब्राउझरमध्ये जे उघडेल तेच खेळायचं, आणि ब्राउझरमध्ये उघडायचा तो रूनस्केप. इंग्लंडमधल्या अँड्र्यू गोवर यांनी तो २००१ मध्ये सुरू केला होता. फुकट खेळता यायचा. शिवाय त्याचं आतलं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यांवर चालतं, म्हणजे तुम्ही केलेली क्लिक पुढच्या ठोक्याला मोजली जाते. त्यामुळे कॅफेतलं रडतखडत चालणारं नेटही त्याला पुरायचं.

त्या गेममध्ये ड्रेनॉर नावाचं गाव आहे. तिथल्या बँकेजवळ पाण्याच्या कडेला विलोची, म्हणजे आपल्या वाळुंजाची, झाडं आहेत. लाकूडतोडीत तीसावी लेव्हल झाली की ती तोडता येतात. एकदा क्लिक केलं की पात्र आपलं आपण कुऱ्हाड चालवत राहतं. पिशवीचे २८ खण भरले की पाच-दहा पावलांवरच्या बँकेत लाकडं टाकायची आणि परत यायचं. मधल्या वेळात हात मोकळे. म्हणून लोक बोलायचे. सुरुवात कायम एकाच प्रश्नाने व्हायची: ‘डब्ल्यूसी लेव्हल?’ म्हणजे तुझी लाकूडतोडीची लेव्हल किती. अनोळखी माणसाशी बोलायला तेवढं निमित्त पुरेसं होतं.

तिथे मला फिनलंडचा एक मुलगा भेटला. माझी संध्याकाळची साडेसहा म्हणजे त्याची दुपारची तीन. डिसेंबरात तो सांगायचा की बाहेर अंधार पडायला लागलाय, आणि मला ते खरंच वाटायचं नाही. दुपारी तीनला अंधार! मी दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन नकाशाचं पुस्तक काढून पाहिलं. इंग्रजीत न घाबरता वाक्य लिहायला मी त्या झाडांखाली शिकले. शाळेत दहा वर्षं इंग्रजी होतं, पण कोणी उत्तराची वाट बघत थांबलेलं नसायचं.

लाकडं विकायची तर व्हॅरॉक शहरात जावं लागे. फुकट खेळणाऱ्यांचा मोठा बाजार वर्ल्ड १ मध्ये (गेमच्या अनेक सर्व्हरांपैकी एक), पश्चिमेकडच्या बँकेसमोर भरायचा. डोक्यावर पिवळ्या अक्षरांत प्रत्येकाची आरोळी, कोणाकडे कोळसा, कोणाकडे लॉबस्टर, आणि सगळ्यांचं एकाच वेळी. अगदी सकाळची मंडई. घासाघीस व्हायची. सौदा ठरला की ट्रेडची खिडकी उघडायची, मग खात्रीची दुसरी खिडकी, आणि त्या दुसऱ्या खिडकीत डोळ्यांत तेल घालून बघायचं, कारण ऐनवेळी वस्तू बदलणारे भामटेही तिथेच फिरत असत. एका मुलीने मला फुकट चिलखत दिलं होतं, केवळ मी नवी दिसले म्हणून.

२६ नोव्हेंबर २००७ रोजी गेममध्ये ग्रँड एक्स्चेंज सुरू झालं. वस्तू टाकायची, किंमत लिहायची आणि निघून जायचं. गिऱ्हाईक आपोआप जुळतं. मला ते फार आवडलं. वीस रुपयांच्या तासातली वीस मिनिटं आरोळ्या देण्यात जायची, ती वाचली. काही दिवसांतच व्हॅरॉकच्या त्या बँकेसमोर शुकशुकाट झाला. खेळणारे तेवढेच होते. त्यांना एकमेकांशी बोलायचं कारण उरलं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे दिसतं. आणि हे एकाच गेमचं झालं असंही नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये पाच जणांनी मिळून गुहेत उतरायचं असतं. पूर्वी शहरात उभं राहून जखमा बऱ्या करणारा हवाय, मार झेलणारा हवाय अशी हाक द्यावी लागे, मग सगळ्यांनी त्या गुहेपर्यंत पोचायचं. डिसेंबर २००९ मध्ये डंजन फाइंडर आला. एक बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच अनोळखी लोक थेट गुहेत. काम झालं की पाचही जण गायब, पुन्हा आयुष्यात भेट नाही. पूर्वी वाईट वागणाऱ्याचं नाव सर्व्हरभर व्हायचं आणि चांगल्या खेळाडूला लोक शोधत यायचे. आपल्या गावात उधारी बुडवणाऱ्याला दुसऱ्या दुकानातही वस्तू मिळत नाही, तसाच धाक तिथे होता. तो गेला.

यात कंपन्यांना दोष देऊन मोकळं होता येत नाही, आणि याचा माझ्याकडे चांगला पुरावा आहे. २०१३ मध्ये रूनस्केपच्या खेळाडूंनी जुना गेम परत मागितला. मतदान झालं, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली, आणि फेब्रुवारीत ऑगस्ट २००७ च्या साठवलेल्या प्रतीवरून ओल्ड स्कूल रूनस्केप सुरू झाला. म्हणजे ग्रँड एक्स्चेंजच्या आधीचा, आरोळ्यांचा. तिथे मोठे नवे बदल बहुतेक खेळाडूंच्या मतदानानेच होतात. तेव्हा ७५ टक्के होकार लागायचा. आणि दोन वर्षांत, फेब्रुवारी २०१५ मध्ये, त्याच खेळाडूंनी मत देऊन ग्रँड एक्स्चेंज परत आणलं. मीही हो म्हटलं. तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते, रात्री जेमतेम तासभर मिळायचा, आणि तो लाकडं विकण्यात घालवायची इच्छा नव्हती. अकरावीतली मी असते तर कदाचित नाही म्हटलं असतं. खेळणारे मोठे झाले, वेळ आखडला, म्हणून सोय हवीशी झाली. आणि सोयीबरोबर रेंगाळणं गेलं.

रेंगाळायची जागाही आता दुसरीकडे गेली आहे. २०१५ मध्ये डिस्कॉर्ड हे गप्पांचं अ‍ॅप आलं, त्यानंतर लोक गेममध्ये खेळतात आणि बोलतात डिस्कॉर्डवर, तेही आधीपासून ओळखीच्या चौघांशी. शेजारी उभा असलेला नवखा माणूस शांतताच ऐकतो आणि त्याला वाटतं गेम ओस पडलाय. लहान मुलं रोब्लॉक्स या ऑनलाइन गेमच्या प्लॅटफॉर्मवर असतात, जिथे २०२५ मध्ये रोजचे वापरकर्ते १० कोटींच्या पुढे गेले. माझी भाची तिथे मैत्रिणींना भेटायलाच जाते. तिला एमएमओ हा शब्दही माहीत नाही, पण करते तेच जे मी ड्रेनॉरला करायचे.

भारतात हा प्रकार कधी फार फोफावलाच नाही. रॅग्नारॉक ऑनलाइनचा भारतासाठी वेगळा सर्व्हर एके काळी होता, कॅफेतली पोरं तो खेळायची. पण दरमहा वर्गणी भरायला कार्ड कुठून आणायचं, आणि बहुतेक मोठ्या गेमचे सर्व्हर परदेशात. २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हा नवी पिढी थेट मोबाइलवर उतरली आणि पबजीकडे गेली. त्यामुळे इथल्या मित्रांना विचारून ‘कोणीच खेळत नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

नवे एमएमओ मात्र खरंच टिकत नाहीत, हे मान्य करायला हवं. वाइल्डस्टार जून २०१४ मध्ये आला, नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद. अ‍ॅमेझॉनचा न्यू वर्ल्ड सप्टेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी नऊ लाखांहून जास्त लोक होते. काही महिन्यांत त्यातले बहुतेक पांगले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यात नवी भर घालणं थांबवत असल्याचं जाहीर झालं. असा गेम बनवायला वर्षानुवर्षं आणि अफाट पैसा लागतो. त्यात पहिल्या दिवशी त्याची तुलना वीस वर्षं भर पडत गेलेल्या जगांशी होते. गर्दीची भूक अजून किती आहे ते या आकड्यांतच दिसतं. लोक येतात, फक्त राहायला काही सापडत नाही.

जुनी जगं मात्र चिवट आहेत. आइसलँडमधून चालणारा ईव्ह ऑनलाइन मे २००३ पासून सुरू आहे. जानेवारी २०१४ मध्ये त्यात एक लढाई सुमारे २१ तास चालली, साडेसात हजारांहून जास्त पात्रं उतरली. सर्व्हर कोसळू नये म्हणून त्या भागातला काळच दहापट संथ केला गेला होता. फायनल फँटसी फोर्टीन २०१० मध्ये इतका फसला की तो बंद करून नाओकी योशिदा यांच्या हाताखाली नव्याने बांधावा लागला. २०१३ मध्ये तो परत आला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यात इतकी गर्दी झाली की काही आठवडे त्याची विक्रीच थांबवली होती. ओल्ड स्कूल रूनस्केपने तर २०२५ मध्ये एका वेळी दोन लाखांहून जास्त खेळाडूंचा आकडा पाहिला, तो त्याचा तोवरचा उच्चांक. ज्याचा पाया २००७ चा, त्याला इतकी गर्दी २०२५ मध्ये.

तर सुरुवात करायची असेल तर जरूर करा. ओल्ड स्कूल रूनस्केपपासून करा असं मी म्हणेन: फुकट भाग भरपूर आहे, २०१८ पासून मोबाइलवरही तेच खातं चालतं, आणि ०.६ सेकंदांच्या ठोक्यांमुळे आपल्याकडून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या घरात असला तरी फारसं अडत नाही. पहिल्या आठवड्यात एखाद्या क्लॅनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, शिरा. चॅट बंद ठेवून खेळू नका, आणि कोणी काही विचारलं तर दोन शब्द तरी टाइप करा.

तिथे २०२३ मध्ये फॉरेस्ट्री नावाचा बदल आला. एकच झाड जितके जण मिळून तोडतील तितका प्रत्येकाला फायदा जास्त, दहा जणांपर्यंत. पूर्वी एका झाडावर दुसरा आला की चिडचिड व्हायची, कारण ते कोणाच्याही एका घावाने पडायचं. आता लोक मुद्दाम गर्दी असलेलं झाड शोधतात. बनवणाऱ्यांनी जाणूनबुजून रेंगाळण्याची जागा परत केली, याचा मला मनापासून आनंद झाला.

मागच्या रविवारी दुपारी ड्रेनॉरला गेले होते. विलोखाली आम्ही सहा जण होतो, बराच वेळ सगळे गप्प. मग कडेला नुकताच आलेला, अंगावर धड कपडे नसलेला एक नवखा खेळाडू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याच्या डोक्यावर पिवळी अक्षरं उमटली: ‘डब्ल्यूसी लेव्हल?’

मी आकडा लिहिला आणि त्याला विचारलं, तुमच्याकडे आत्ता किती वाजलेत.