'इव्हान त्सारेविच आणि करडा लांडगा' या रशियन ॲनिमेशनपटाचा दुसरा भाग पहिला न बघता कळेल का?

कळेल, बिनधास्त बघा. सेंट पीटर्सबर्गच्या मेल्नित्सा स्टुडिओचा पहिला भाग २०११ चा, दुसरा २०१३ चा. पहिल्यात इव्हान आणि वासिलिसा यांचं जुळतं, दुसऱ्यात लग्नानंतरच्या कुरबुरी. एवढं माहीत असलं की पुरे.

मी तर म्हणेन, पहिला भाग राहिला तरी चालेल, पण मूळ लोककथा आधी वाचा. रशियन लोककथा गोळा करणाऱ्या अफानास्येवच्या संग्रहात ती आहे. तिथला लांडगा आधी इव्हानचा घोडाच फस्त करतो, मग दया येऊन त्याला पाठीवर घेऊन फिरतो. पुढे सख्खे भाऊ इव्हानला मारतात, तेव्हा लांडगा कावळ्याकरवी मृतजल आणि जीवनजल मागवतो. पहिल्याने जखमा सांधतात, दुसऱ्याने जीव परततो. सिनेमातला लांडगा त्यामानाने अगदीच मवाळ, विनोदी गडी!

आणि सिनेमातला तो विद्वान बोका लोककथेच्या या संग्रहातला नव्हे, रशियन कवी पुश्किनच्या 'रुस्लान आणि ल्युदमिला' या काव्यातला. तिथे तो ओकच्या झाडाभोवती सोन्याच्या साखळीवरून फिरतो. उजवीकडे वळला की गाणं, डावीकडे वळला की गोष्ट. सिनेमात त्याला आवाज रशियन अभिनेता मिखाइल बोयार्स्कीचा आहे, त्यामुळे जमलं तर रशियन आवाजात, सबटायटल्स लावूनच बघा.