सेबस्तियनचे बाण काढू नका

प्रश्न: नमस्कार बाई. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या कपेलात संत सेबस्तियनचा लाकडी पुतळा आहे, सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचा. अंगात चार बाण होते, त्यातले दोन मोडलेत. जानेवारीतल्या फेस्ताआधी रंगकाम काढलंय. मध्यंतरी मिस्सेला आलेले पाहुणे फादर म्हणाले, सेबस्तियन बाणांनी मेलेच नाहीत, त्यांना सोट्यांनी मारलं. तेव्हापासून पोरांनी धरलंय, उरलेले बाणही काढा आणि शेजारी सोटा ठेवा. सासरे चिडलेत. खरं काय? दुसरं, पोरं विचारतात, सगळे हुतात्मे रोमचेच कसे? आपल्या बाजूचा कुणीच नाही का?
— एक सूनबाई, खानापूर तालुका

उत्तर: सूनबाई, फादरांचं खरं आहे, आणि तरीही सासऱ्यांचं ऐका.

पाचव्या शतकात लिहिलेल्या चरित्रात कथा अशी येते. सेबस्तियन डायोक्लेशियन बादशहाच्या खास फौजेतला अधिकारी. तुरुंगातल्या ख्रिस्ती कैद्यांना धीर देतो हे उघड झालं, तेव्हा त्याला खांबाला बांधून बाण मारले आणि मेला समजून तसाच टाकला. आयरीन नावाची विधवा रात्री प्रेत न्यायला गेली, तर धुगधुगी होती. तिने घरी नेऊन जखमा धुतल्या, औषधपाणी केलं. (हिचा पुतळा कुठे दिसत नाही. सेवा करणाऱ्या बाईला चौथरा कोण देतंय!) बरा झाल्यावर लोक सांगत होते, पळून जा. हा उलट राजवाड्याच्या जिन्यात उभा राहिला आणि बादशहाला तोंडावर सुनावलं. मग सोटे, आणि प्रेत रोमच्या मोठ्या गटारात. ल्युसिना नावाच्या बाईने ते काढून आपियन रस्त्यालगतच्या भुयारात पुरलं. 20 जानेवारी हा त्याचा दिवस 354 सालच्या रोमच्या हुतात्म्यांच्या यादीतही आहे.

मग पुतळ्याला बाणच का? साथीमुळे. रोगराई म्हणजे आभाळातून सुटलेले बाण, ही समजूत ग्रीकांपासूनची. बाण खाऊन उठलेला माणूस साथीच्या वेळी आठवणारच. 680 साली इटलीत पाविया शहरात मरीचा कहर झाला, तिथे सेबस्तियनच्या नावाने वेदी उभारल्यावर साथ ओसरली असं सांगतात. त्याच काळातलं त्याचं रोममधलं एक चित्र दाढीवाल्या म्हाताऱ्याचं आहे, अंगात एकही बाण नाही. उघड्या अंगाचा देखणा तरुण नंतरच्या चित्रकारांनी आणला.

आपल्याकडे 1896 ला मुंबईत सुरू झालेला प्लेग पुढे बेळगाव-धारवाडपर्यंत आला. गावं ओस पडून माणसं शेतात खोपटी घालून राहिली, हे मी आजीकडून ऐकलंय. सासऱ्यांना जरा विचारा, पुतळा त्या प्लेगनंतर बसवला का. तसं असेल तर त्यांचा राग कुठून येतो ते पोरांना कळेल.

पोरांना एक खूणही सांगा. संताच्या हातात खजुरीची झावळी असली की हुतात्मा समजायचं. जुन्या गोव्याला ज्यांच्या दर्शनाला आपली माणसं चोर्ल्यातून चालत जातात, ते फ्रान्सिस झेवियर हुतात्मे नव्हेत. 1552 साली चीनजवळच्या बेटावर ते तापाने गेले.

आपल्या बाजूचा हवा ना? मग गोन्सालो गार्सिया. किल्ला चिमाजीअप्पांनी 1739 ला घेतला, त्या वसईत हा जन्मला, 1556-57 च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई तिकडचीच. लहान वयात जपानला गेला, भाषा शिकला, व्यापारात चांगला जम बसवला. जेजुइट धर्मसंघाने आपल्यात घेतलं नाही, म्हणून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचा ब्रदर झाला आणि 1593 ला दुभाषा म्हणून परत जपानला आला. 1596 च्या शेवटी जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याची मर्जी फिरली. धरलेल्यांचे नाक-कान कापा, असा हुकूम होता. हाताखालच्या अधिकाऱ्याने डाव्या कानाचा तुकडा कापून भागवलं. मग क्योतोपासून नागासाकीपर्यंत ऐन थंडीत, मुख्यतः पायी, धिंड. 5 फेब्रुवारी 1597 ला टेकडीवर सव्वीस क्रूस उभे केले. दोऱ्यांनी बांधलं, वर भाले खुपसले. सव्वीसांत लुई इबाराकी हा बारा वर्षांचा पोरगाही होता. 1862 साली सगळ्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत हाच, आणि आपल्या भागातल्या किती कपेलांत त्याची साधी तसबीर तरी आहे? पोरांना सोटा घडवायची हौस असेल, तर तो खर्च इकडे वळवा.

आता पुतळ्याचं. बाण किती असावेत असा नियम नाही, पण सासऱ्यांनी चार पाहिलेत, तर चारच करा. सुताराकडून जुन्या मापाचे सागवानी घडवून घ्या, प्लास्टिकचे नकोत. जुन्या भोकांत नवा खिळा ठोकू नका, लाकूड चिरतं. ऑइलपेंटचा जाड थर देऊ नका, नाहीतर चेहरा बुजेल. आणि हात लावायच्या आधी पॅरिशच्या फादरांना विचारा, पाहुण्यांना नव्हे. नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, 11 जानेवारीला बसेल, त्याआधी रंग वाळायला हवा.