नव्या फोनसाठी सुरक्षा अपडेटचा विचार

नमस्कार. फोन घेण्याआधीच तुम्ही सुरक्षा अपडेटविषयी विचारलेत, हे फार चांगले केलेत. नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील दुकानांत कॅमेऱ्याची आणि रॅमची चौकशी करणारे पुष्कळ भेटतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

सध्याच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ हा भाग उघडा आणि तेथे अँड्रॉइड सुरक्षा अपडेटची तारीख पाहा. अँड्रॉइडची आवृत्ती नवी म्हणजे फोन सुरक्षित, हा नवख्यांचा नेहमीचा गैरसमज आहे. गूगल २०१५ पासून दरमहा सुरक्षा पत्रक, म्हणजे अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटी आणि त्यांच्या दुरुस्त्यांची यादी, प्रसिद्ध करते. परंतु दुरुस्ती चिप आणि फोन बनवणाऱ्या कंपन्यांकडून आपल्यापर्यंत येईतो बराच काळ जाऊ शकतो, आणि तोवर ती त्रुटी हल्लेखोरांनाही ठाऊक झालेली असते.

सुरुवातीला एवढेच सांभाळा:

- आलेले अपडेट पुढे ढकलू नका. मे २०१७ मधील वॉनाक्राय या, संगणकातील फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या हल्ल्याने विंडोजच्या ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, त्यांचे संगणक हल्ल्याच्या तावडीत सापडले.
- अपडेट किती वर्षे मिळणार, आणि ती वर्षे कधीपासून मोजणार, हे कंपनीच्या संकेतस्थळावर वाचा. सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४साठी सात वर्षे जाहीर केली आहेत. मात्र दिवाळीच्या सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची निम्मी मुदत कदाचित आधीच सरलेली असते.
- घरातील वायफाय राउटरसाठीही अपडेट आले आहे का, ते तपासा.

कस्टम रॉमच्या, म्हणजे फोनच्या कंपनीऐवजी इतरांनी तयार केलेल्या अँड्रॉइडच्या, वाटेला तूर्त जाऊ नका. आधी ती तारीख पाहून येथे कळवा, मग मॉडेल ठरवू.