फर्ग्युसन महाविद्यालयाचे फर्ग्युसन कोण होते?

प्रश्न : पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते सर जेम्स फर्ग्युसन शिक्षणतज्ज्ञ होते का? टिळक-आगरकरांच्या संस्थेने त्यांचे नाव का स्वीकारले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फर्ग्युसन शिक्षणतज्ज्ञ नव्हते, ते स्कॉटलंडमधील जमीनदार आणि हुजूर पक्षाचे राजकारणी होते. नैर्ऋत्य स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील किलकेरन ही त्यांच्या घराण्याची जमीनदारी. 1832 साली जन्मलेल्या जेम्स यांच्याकडे ती, बॅरोनेट या वंशपरंपरागत पदवीसह, वयाच्या सतराव्या वर्षीच आली. पार्लमेंटच्या सदस्यांना त्या काळी वेतन नसे आणि मताधिकारही मालमत्तेवर अवलंबून असे. त्यामुळे परगण्याची जागा बहुधा जुन्या जमीनदार घराण्यांकडेच जाई. फर्ग्युसन यांना मात्र ती रणांगणावर असताना मिळाली. 1854 च्या नोव्हेंबरात क्रिमियातील इंकरमनच्या लढाईत एअरशायरचे विद्यमान सदस्य हंटर ब्लेअर मारले गेले. त्याच लढाईत जखमी झालेले बावीस वर्षांचे फर्ग्युसन अजून आघाडीवरच होते, तोच मतदारांनी रिकाम्या जागेवर त्यांची निवड केली.

आपण साताऱ्याहून लिहिता, म्हणून एक नाते मुद्दाम सांगतो. 1859 साली त्यांचा विवाह झाला तो लॉर्ड डलहौसी यांची कन्या लेडी ईडिथ हिच्याशी. 1848 साली साताऱ्याचे राज्य खालसा करणाऱ्या गव्हर्नर जनरलचे जावई पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होऊन आले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. लेडी ईडिथ मात्र मुंबईत कधी गव्हर्नरपत्नी म्हणून आल्या नाहीत. पती दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर असताना, 1871 साली, ॲडलेड येथे त्यांचे निधन झाले. दुसरी पत्नी ऑलिव्ह 1882 साली मुंबईत वारली.

न्यूझीलंडचे अल्पकाळचे गव्हर्नरपद सोडून फर्ग्युसन मायदेशी राजकारणात परतले होते. पण तेथे जम बसला नाही आणि 1880 साली ते मुंबईस आले. त्याच वर्षी पुण्यात टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले होते. 1882 साली कोल्हापूर प्रकरणातील, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणांवरील टीकेवरून झालेल्या, बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. हे फर्ग्युसन यांच्याच कारकिर्दीत घडले, तरी 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाल्यावर आणि 2 जानेवारी 1885 रोजी महाविद्यालय सुरू होताना त्यांचेच नाव संस्थेला देण्यात आले. फर्ग्युसन यांनी तिला 1,200 रुपयांची देणगी दिली होती. तरीही केवळ या रकमेसाठी नाव दिले असे मला वाटत नाही. भारतीयांनी स्वबळावर चालवलेल्या नव्या महाविद्यालयाला विद्यापीठाची मान्यता टिकवायची होती, संस्थानिकांचे साहाय्य मिळवायचे होते. सरकारची सदिच्छा त्यासाठी आवश्यक होती. तुरुंग सोसलेल्या माणसांनी हा निर्णय शिक्षणाच्या हितासाठी घेतला, आणि माझ्या मते त्यात लाचारी नव्हे, दूरदृष्टी होती.

1885 साली मायदेशी परतल्यावर फर्ग्युसन एअरशायरमधून नव्हे, तर मँचेस्टरच्या ईशान्य मतदारसंघातून, म्हणजे कापडगिरण्यांच्या शहरातून, निवडून आले. 'मँचेस्टर गार्डियन'चे संपादक सी. पी. स्कॉट यांचा त्यांनी तेथे अनेकदा पराभव केला. ते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री झाले आणि नंतर 1891–92 मध्ये पोस्टमास्टर जनरल. शेवटी 1906 साली मजूर पक्षाचे जे. आर. क्लाइन्स यांनी त्यांना हरवले. क्लाइन्स वयाच्या दहाव्या वर्षापासून कापडगिरणीत राबलेले होते; जमीनदारांच्या हातातील सत्ता कोणाकडे सरकत होती, हे या एका निकालावरून दिसते. पुढच्याच वर्षी, 14 जानेवारी 1907 रोजी, जमैकातील किंग्स्टनच्या भूकंपात फर्ग्युसन मृत्यू पावले. त्यांचा मुलगा चार्ल्स आणि नातू बर्नार्ड हे दोघेही पुढे न्यूझीलंडचे गव्हर्नर जनरल झाले.